अकराच्या पुढे

शोघिक मातेवोस्यानने लॅपटॉप आणला टेबलक्लॉथात बांधून,
वर दोन गाठी,
जणू आत गरम लवाश आहे आणि वाफ निसटायला नको.
"फोनला वायफाय मिळतं, भाचीच्या टीव्हीला मिळतं,
हाच एकटा रुसून बसलाय, नोराइर."

बारा वर्षांचं यंत्र. बहिणीनं पाठवलेलं, फ्रेस्नोहून.
पोटावर अजून तिकडच्या दुकानाचं लेबल,
किंमत नखानं खरवडलेली.

आधी काखेत कळसा आहे का ते पाहिलं:
अशा म्हाताऱ्यांना कडेला एक इवलंसं सरकबटण असतं,
चुकून बोट लागतं आणि आतला रेडिओ झोपतो.
जागाच होता.
मग ड्रायव्हर काढला, परत घातला.
बॅटरी उपसून तीसपर्यंत मोजलं.
तळाचे नऊ स्क्रू, एकाचं डोकं झिजलेलं.
आत पीठ. धूळ नव्हे, पीठ;
बाई बेकरीचा हिशेब भट्टीशेजारी बसून लिहिते.
काळी तार आणि पांढरी तार
कार्डावर आपापल्या जागी घट्ट बसलेल्या,
तरी उपटून पुन्हा बसवल्या, टक् वाजेपर्यंत.
हातांनाही काहीतरी केल्याचं समाधान लागतं.

माझ्या दुकानात ते पहिल्या फटक्यात जोडलं गेलं.
मी तीन हजार ड्राम घेतले.
घेतले, हे सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी ती ओरडलीसुद्धा नाही.
"तुझ्याकडे शहाण्यासारखं वागतं," म्हणाली,
"घरी आलं की मुकं."

ग्युमरी उणे अठरावर होती.
तिच्या मागोमाग चाललो,
खिशातला स्क्रूड्रायव्हर बरगडीला बर्फासारखा लागत.

तिच्या स्वयंपाकघरात त्याला सगळं दिसत होतं:
वरच्या मजल्यावरचे अवाग्यान, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान,
कुणी खोडकरानं नाव दिलेलं "फुकट्यांनो, परत जा".
फक्त समोरच्या खिडकीतला,
दोन हातांवरचा, हिरवे दिवे मिचकावणारा
तिचा स्वतःचा डबा दिसत नव्हता.

मी मायक्रोवेव्हला दोष दिला.
भिंतीतल्या दगडाला दिला, कंपनीला दिला.
नाकी नऊ आले तेव्हा कुठे
तिच्या फोनवरून डब्याच्या आत डोकावलो.
शरद ऋतूत नवा बसवलेला,
आपलं चॅनेल आपणच निवडणारा.
निवडलं होतं: तेरा.

दुष्काळात तेरावा महिना, तो असा.

तिकडे या हवेचे अकराच वाफे वापरतात,
आपल्याकडे तेरा.
यंत्र इतकी वर्षं आपल्या थंडीत राहिलं,
आपलं पीठ खाल्लं,
पण पाढे जन्मगावचेच म्हणतं:
अकरापाशी येतं आणि गप्प होतं.
बिघडलेलं नाही, बाई. नियम पाळतंय.

शोघिकनं स्टूल ओढलं.
"परवा फोनवर सांगितलं तिला,
मावशीच्या अंगणातलं तुतीचं झाड तोडलं.
विचारते, कोणतं झाड?"
थोडं थांबून म्हणाली, "त्याच झाडावरून पडून
तिचा हात मोडला होता."

मी चॅनेल सहावर आणलं.
डबा क्षणभर विझला, पुन्हा पेटला,
आणि यादीत सगळ्यात वर तिचं आडनाव आलं.
पासवर्ड तिनं पाठ फिरवून टाइप केला, दोन बोटांनी,
तो डब्याच्या पाठीवर छापलेला असूनही.
लगेच यंत्रानं एकशे चाळीस अपडेट मागितले
आणि पंखा घरघरायला लागला.

तीन हजार ड्राम मी टेबलावर ठेवले.
तिनं माझ्याकडे सरकवले.
मी तिच्याकडे.
निघताना पाहिलं, ते डब्याखाली होते,
एक कोपरा बाहेर,
त्याच्यावर हिरवा उजेड
जात, येत.