सलमाबादचा निळा

जुलैत दुपारी उघड्यावरचं काम बंद.
शटर अर्धं ओढून मी हा काढून बसतो.
कैतान फुर्तादचा बेस गिटार,
तारा सोडवून केळ्यांच्या खोक्यात,
मान वेगळी, धड वेगळं.

"घाई नको पात्राव," म्हणाला होता,
"पंचेचाळीस वर्षं काळा आहे.
त्याआधी निळा. बहुतेक निळाच."
मनामाच्या हॉटेलात बँडचे शर्ट काळे झाले
आणि मॅनेजरला वाद्यंही काळी हवी होती.
यानेच मग बाल्कनीत बसून
दाराचा ऑइलपेंट फासला.
ब्रशचा एक केस अजून अडकलाय
कमरेच्या वळणावर.

मी एकवीस वर्षं याच्या उलटं करत आलो.
ठोकलेली गाडी. पुटी, प्रायमर, तीन हात.
गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणतं,
अरे, कुठे लागली होती?
ते कळलं नाही, तो माझा पगार.

थिनर चालत नाही, दोन्ही थर एकदम उतरतात.
हीटगन लांबून, दाढीचं पातं आडवं.
सुटतो तो तिळाएवढा,
नशीब असेल तर नखाएवढा.
आणि खालून निघतो हिरवा.
टाकीत शेवाळ धरावं तसा.
कैतानला फोन नाही केला.

मग पांढऱ्या पट्टीचे स्क्रू काढले.
उजेड न लागलेल्या त्या जागेत
शाईच्या दौतीतला निळा.
म्हणजे वार्निश पिवळी पडली होती,
धूर, दिवे, वय.
निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं
हे मला कोणी शिकवायला नको.

पण वरच्या कडेला, हात टेकतो तिथे,
रंगच नाही. उघडं लाकूड,
गुळगुळीत, उंबऱ्यासारखं.
कैतानने घेतला तो जुना,
आणि वर्षाच्या आत काळा केला.
एका वर्षात एवढं झिजत नाही.

शुक्रवारी आला. इस्त्रीचा शर्ट.
मांडीवर घेतला, हात ठेवला.
झिजल्या जागेच्या दोन बोटं खाली पडला.
"उंच होता कोणीतरी," एवढंच म्हणाला,
आणि हात वर सरकवून बघितला.

बोटही फिरवलं सगळीकडून.
कुठे लागली होती, विचारलं नाही.
जाड तार छेडली, विजेशिवायच.
पत्र्याच्या टेबलावर
थिनरच्या डब्याचं झाकण थरथरलं.
मी ते दाबून धरलं,
मग सोडलं.