एकशे सेहेचाळीस इंच

मे महिन्यात, वाशीच्या सेक्टर सतरामध्ये,
एसीखाली बादली ठेवलेल्या ऑफिसात
मी बर्फावरची गाडी निवडतेय.
बर्फ मी पाहिलाय तो दिवाळे गावच्या जेट्टीवर,
लादीचा, गोणपाटात गुंडाळलेला,
फोडून बोंबलांवर टाकायचा.

लाहौलहून रिगझिन फोन करतो.
त्याच्या बोलण्यात मधेमधे वारा शिरतो.
"मॅडम, दवाखान्यापर्यंतची वाट दाबलेली असते,
घट्ट, सिमेंटसारखी.
पण आजारी माणूस वाटेवर राहत नाही ना."
मी हे कोटेशनच्या पाठीमागे लिहून ठेवलं.

आखूड पट्ट्याची गाडी, एकशे एकवीस इंच.
दाबलेल्या वाटेवर पळते, म्हणाल तिथे वळते,
आणि मऊ बर्फात शिरली
की स्वतःसाठीच खड्डा खणत बसते.
लांब पट्ट्याची, एकशे पासष्ट.
कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फावर तरंगते,
वाटेवर आणली की वळायला अख्खं शेत मागते,
आणि इंजिन तापतं,
कारण त्याला गार ठेवायला पट्ट्यानं बर्फ उडवावा लागतो
नि घट्ट वाट काही उडू देत नाही.
बर्फात उभं राहून तापानं बंद पडणारं यंत्र!
मी हे दोनदा वाचलं.

शिवणाची टेप आणली घरून.
खडूनं फरशीवर रेघा ओढल्या.
लांब पट्टा फायलींच्या कपाटापासून निघाला
तो गजबेंच्या स्टुलाखाली गेला.
गजबे पाय वर घेऊन म्हणाले,
"पण पट्टा गोल असते नं, मॅडम? चक्कीच्या पट्ट्यावानी?
मग जमिनीला अर्धाही लागत नसंल."
रेघा पुसल्या. पुन्हा आखल्या.
आता तिन्ही गाड्यांत फरक उरला
वीतभर, दोन विती.
एवढ्याशा वितीवर एक माणूस
बुडणार किंवा नाही बुडणार.

रात्री बाबांना विचारलं.
साखरेनं पाय गेल्यापासून खाडीत उतरत नाहीत,
पण ओहोटीच्या चिखलात त्यांनी चाळीस वर्षं
फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायानं रेटत
निवट्या धरल्या.
बर्फाचं नाव काढलं तर हसले.
मग पट्टा, दाते, लांबी, रुंदी
सगळं नीट ऐकून घेतलं,
जसं एखाद्याच्या मुलीचं स्थळ ऐकावं.

"आन येताना?" म्हणाले.
येताना काय?
"येताना वजन कवरा?
जाताना फली हलकी आस्ते गो.
येताना टोपली आस्ते."

तीन कंपन्यांची पत्रकं, अठ्ठावीस रकाने,
आणि परतीचा रकाना कुठेच नव्हता.

सकाळी रिगझिनला विचारलं.
मागे घसरगाडी बांधणार, तो म्हणाला,
तिच्यात पेशंट, पेशंटची आई,
कधी शेळीसुद्धा; तिला एकटी कशी ठेवणार?
मग मी मधली निवडली.
एकशे सेहेचाळीस इंच, पट्टा रुंद,
दाते ना फार उंच ना फार बुटके,
मागे ओढायला भक्कम हूक,
घट्ट वाटेसाठी बर्फ खरवडणारे दोन काटे,
आणि इंजिन
पत्रकात ज्याचा फोटो सर्वात लहान आहे ते.

शेऱ्यात लिहिलं:
ही गाडी दोन्हीकडे थोडी थोडी कमी पडेल.
कर्णिकसाहेबांनी ते वाक्य खोडलं.
"विकताना असं लिहीत नसतात."
बरोबर आहे. लिहीत नसतात.
मी जिन्यात जाऊन फोन लावला
आणि वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं.

पलीकडे बराच वेळ वारा.
मग रिगझिन म्हणाला,
"म्हणजे दोन्हीकडे जाईल."
मी हो म्हणेपर्यंत
लाइन गेली होती.