वाचण्याची मुभा

सोहार बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर
सर्व्हरच्या खोलीत अठरा अंश, बाहेर पंचेचाळीस.
जुलैत स्वेटर घालून बसतो मी.
हर्णैला सांगितलं तर अजून हसतात.

आज बद्रियाबाईंची मेल आली:
सगळ्यांच्या पडद्यावर कंपनीचा निळा फलक,
पेनड्राइव्ह बंद,
कॅम्पच्या हॉलात दहानंतर व्हिडिओ कॉल बंद.
आणि अगदी तळाला, जाता जाता सांगावं तसं:
ग्रेड सात आणि वरचे सोडून.

‘सोडून’ हा शब्द मला नीट कळतो.
त्याचाच तर पगार खातो.

काम तसं सोपं.
आधी यादीतून ‘सगळे’ उपटायचे,
ते न पेरताच उगवलेले असतात तिथे.
मग एकेक गट बसवायचा,
मचाणवाले, क्रेनवाले, मेसवाले, फाटकावरचे.
गटापुढे दोन खुणा:
नियम वाचण्याची मुभा,
नियम लागू होण्याची मुभा.
दोन्ही असतील तरच तो माणसापर्यंत पोचतो.
एकाच माणसाला एका गटाने हो म्हटलं
आणि दुसऱ्याने नाही,
तर नाही जिंकतं.
त्यावर कुणी भांडत नाही.

नवी पोरं आली की मी आधी हेच सांगतो:
ज्याला नियम वाचता येत नाही
त्याला तो लागत नाही.
पोरं वहीत लिहून घेतात.

परवा तेजबहादूर घर्ती आला होता,
मचाणवाला, करार घडी करून खिशात.
दाई, यात सुट्टीचं काय लिहिलंय?
मी चष्मा लावला. आकडे वाचले.
आकडे तेवढे येतात मला,
बाकी सगळं उजवीकडून डावीकडे निघून गेलं.
तळाला त्याची सही होती,
आपल्याच अक्षरांत, शिरोरेघेसकट.
दोन पानांत मला तेवढीच वाचता आली.

माझा करारही तसलाच.
कपाटात स्वेटरांखाली आहे.
नऊ वर्षं लागू आहे.

साडेआठला मी नियम सोडला.
दीड-दोन तासांत उतरतो सगळीकडे, आपोआप,
कुणाचं दार न वाजवता.
त्याआधी मचाणवाल्यांच्या गटापुढची
एक खूण काढली,
पहिली.
दुसरी ठेवली तशीच,
अहवालात ‘लागू’ दिसायला हवं.
बद्रियाबाई विचारतीलच कधीतरी,
यांना का लागत नाही म्हणून.
खरं तेच सांगेन:
त्यांना वाचता येत नाही.

पावणेदहाला माझ्या पडद्यावरून
हर्णैचा धक्का गेला,
धक्क्यावर सुरमई उचलून उभी असलेली उझ्मा गेली,
निळं आलं.
ग्रेड सहा.
माझ्या नावापुढे नकाराची खूण करायला
एक क्लिक पुरली असती. बोट तिथवर गेलंही.

मला वाचता येतं.