पाणी मारेल माल

मांडीचं हाड सांधून आप्पा घरी आले,
त्याला आज बारा दिवस.
गेले चार दिवस घरात एकच प्रश्न फिरतोय:
झालं का?
कोकिळामावशी कंपाउंडवरून विचारते.
भाऊ सुरतेहून फोन करतो, आधी तेच विचारतो,
मग हवापाण्याचं बोलतो.
दुधवालासुद्धा परवा घुटमळला.

आप्पा भिंतीकडे तोंड करतात.
हिलाल सोनू बोरसे, मापाडी,
दोंडाईच्याच्या मार्केटात एकतीस वर्षं मिरची तोलली,
शेवटपर्यंत खोकला आणि काटा दोन्ही सांभाळले.
त्यांना चारचौघांत हे विचारायचं?

मी धुळ्याला दवाखान्यात आहाराचे तक्ते लिहिते.
दुसऱ्यांच्या आतड्यांचं मला सगळं ठाऊक.
शनिवारी येताना आग्रा रोडवरून
पाव किलो सुके आलूबुखारे घेतले, बिनबियांचे.
रात्री भिजवले.
सकाळी मंद आचेवर, लिंबाच्या सालीची एक चकती,
साखर नाही.
पाणी आधी चहासारखं झालं, मग काकवीसारखं.
सुरकुत्या सुटल्या, पण सगळ्या नाहीत;
झोपून उठलेल्या माणसाच्या गालावर
उशीची घडी राहते, तेवढ्या राहिल्या.

आप्पांनी एक उचलला,
कानाशी नेऊन हलवला.
वाळकी मिरची आतलं बी वाजवते,
मुठीत घेतली की स्वतःचा भाव सांगते.
हे फळ काही बोललं नाही.
"हाई काय शे व माय?"

मी तक्ता वाचला.
शंभर ग्रॅमला तंतू तीन ग्रॅम.
पोटॅशियम तीनशे मिलिग्रॅमच्या थोडं वर.
के जीवनसत्त्व, ते हाडाला.
साखर पंचवीस, पण फळातली.
आप्पांनी डोळे मिटून बेरीज केली.
"बाकीना ग्रॅम कोठे गयात?"
पाणी, म्हटलं. सत्तर ग्रॅम पाणी.

आप्पा उशीवरून उठून बसले.
बारा दिवसांत पहिल्यांदा, कोणाच्या आधाराशिवाय.
"पाणी मारेल माल शे!"

मला ते माहीत होतं.
लिलावाच्या आदल्या रात्री शेडमध्ये
पोत्यांवर पिचकारी फिरायची.
सकाळी आप्पा कोपरापर्यंत हात घालायचे पोत्यात,
आणि ओल लागली की काटा बंद.
एकदा त्यापायी बिल्ला महिनाभर जप्त होता;
त्या महिन्यात आम्ही काय खाल्लं
याचा तक्ता कोणी लिहिलेला नाही.

मी सांगत राहिले.
आप्पा, यात एक साखर असते, ती सगळी पचत नाही,
आतड्यात जाते आणि पाणी ओढून घेते.
तुमच्या गोळ्यांनी आत जे वाळवण घातलंय
त्याच्यावर हीच पिचकारी हवी.
या मालाला ओल हीच त्याची किंमत.

ते ऐकत नव्हते. माळ्याकडे बघत होते.
शेवटी पितळी तराजू काढावा लागला.
शंभराचं वजन एका पारड्यात,
दुसऱ्यात सहा-सात काळे, लिबलिबीत गोळे.
आप्पांनी एक परत काढला, रस निथळू दिला, पुन्हा ठेवला.
मग खाल्ले. बोटं चाटली नाहीत,
पण पुसलीही नाहीत.

रविवार गेला.
सोमवारी मी रजा वाढवली.
मंगळवारी पहाटे वॉकरचा आवाज,
मोरीकडचा दिवा,
आणि मग इतका वेळ काहीच नाही
की मी दारापर्यंत जाऊन परत आले, दोनदा.

उजाडल्यावर कोकिळामावशीचं डोकं कंपाउंडवर आलं.
तिनं तोंड उघडायच्या आत
आप्पांनी तर्जनी उभी धरली, नाकासमोर,
जराही न हलवता:
काटा सरळ.

मग वाटी पुढे ओढली,
डब्यातलं लाल तिखट चिमूटभर घेतलं,
त्या गोड काळ्या रसावर टाकलं
आणि मला दिसेल असं ढवळलं.
"आते चव उनी."
तक्त्यात याला रकाना नाही.
मी वाटी विसळायला घेतली तेव्हा
तळाशी बोटभर रस उरला होता, लालसर.
मी तो पिऊन टाकला.
ठसका लागला.