शिरोळ साइड

पन्हाळ्याकडं कुणीही जातं.
चढ आहे, वर गेल्यावर झुणका-भाकर आहे, फोटो आहे.
मी हँडल पूर्वेला वळवलं
पहाटे पावणेपाचला, उद्यमनगरातनं,
जिथं एकतीस वर्षं लाइनर तासले
ऑईल इंजिनांचे.

किती तासले? मोजलं नाही.
इसाक मिस्त्री म्हणायचे, मोजायला लागलास की माप चुकतं.
इंजिनं ट्रकात चढायची,
खोक्यावर खडूनं लिहिलेलं असायचं: शिरोळ साइड.
ते दोन शब्द बघायला निघालो,
रिटायर होऊन अकराव्या दिवशी.

शिरोलीच्या नाक्यावर टँकर रांगेत झोपलेले.
हेर्ल्यात चहा, अर्धा बशीत सांडलेला.
उसाच्या ट्रॉल्या मागनं आल्या की
आधी गाणं येतं, मग धूळ, मग ट्रॅक्टर.
तमदलग्याची खिंड संपली
आणि जमीन एकदम आडवी झाली,
दिवसपाळी संपल्यावर माणूस होतो तशी.

सपाटीचं कुणी सांगत नाही.
चढ निदान उताराचं देणं लागतो.
सपाटी कुणाचं काही लागत नाही,
पाय थांबले की सायकल थांबते, एवढंच.
समोरचं झाड तासभर समोरच.
नांदणीच्या पुढं चेन कुरकुरायला लागली
आणि तेवढाच काय तो सोबतीचा आवाज.

कारण इंजिनं कुठंच नव्हती.
विहिरीवर मोटारी, नदीवर मोटारी,
बटण दाबलं की पाणी,
आणि लाइट नसली की नुसतीच माणसं, बांधावर बसलेली.
कुठंकुठं क्षार फुटून पांढरं पडलेलं रान,
आणि विहिरींच्या कडेला, काळ्या मातीत
आणखी काळे चौकोन.
पहिल्या दोघांना वाटलं जळलेलं असेल.
तिसऱ्यापाशी उतरलो, बोट लावलं,
वास घेतला.
आमचंच तेल.
इतकी वर्षं झाली, तिथं अजून हरळीसुद्धा धरत नाही.

कवठेगुलंदला बाबगोंडा मगदूम भेटले.
पाणी मागितलं, त्यांनी ताक दिलं.
म्हणाले, हाय की एक. म्हातारं.
गोठ्यामागं, पोत्याखाली,
वर कांदे वाळत घातलेले.
महापुराची रेघ त्याच्या व्हीलच्या वर हातभर.
मी पोतं काढलं.
नंबरप्लेट गंजलेली, साल वाचता येईना.
हे माझं होतं की शेजारच्या लेथवरच्या दगडू सुताराचं,
देव जाणे.
आत बोट फिरवून बघितलं मात्र.
माप बरोबर होतं.

दोघांनी हँडल मारलं.
नात मोबाईल धरून उभी, श्रेया की श्रावणी.
सात वेळा काही नाही.
आठव्याला ते खोकलं,
नळीतनं धुराचं एकच कडं निघालं, जांभळं,
पत्र्यापर्यंत गेलं आणि मोडलं.
"आजोबा, रेकॉर्ड दाबायचं राहिलं."
नवव्याला माझा खांदा गेला.
बाबगोंडा कांदे परत पसरत बसले.

निघताना त्यांनी त्याच्याच पोटातलं
वाटीभर तेल काढून दिलं. चेनला लावा म्हणाले.
लावलं.
आवाज ऐकायला आलो होतो,
होता तो एकही घालवून निघालो.

परतीला पन्नास-पंचावन्न किलोमीटर
पश्चिमेचं वारं तोंडावर.
जयसिंगपुरात दोन केळी, उभ्यानंच.
एका पंक्चरवाल्यानं विचारलं, कुठनं आलासा?
उद्यमनगर म्हटलं.
मग कशाला आलासा, म्हणाला,
आणि हे बाकी बरोबर विचारलं त्यानं.
अतिग्र्यापर्यंत उत्तर शोधत होतो,
पुढं मांड्या इतक्या भरल्या
की शोधणारं कुणी उरलं नाही.

साडेआठला घर.
शालननं दार उघडलं, आधी सायकल बघितली, मग बोटं.
"रिटायर झालासा न्हवं?
मग हात कशानं काळं?"