एक्याऐंशीच्या वर

नाव उखर्डू.
आधीची दोन गेली म्हणून मायनं
ह्याला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलला,
की यमानं बघावं आणि म्हणावं, कचरा आहे, राहू दे.
यम फसला. पोरगं वाढत गेलं.
भुसावळच्या पार्सल ऑफिसात
केळीच्या करंड्या तोलायच्या काट्यावर
आम्ही त्याला उभा केला चौऱ्याहत्तरच्या मेमध्ये,
संपामुळे काटा रिकामाच होता.
ब्याण्णव किलो. चपला धरून.

एक्याऐंशीच्या वरच्या गटात
अख्ख्या जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं.
तीन वर्षं तो जिल्ह्याचा चॅम्पियन
एकही ठोसा न मारता.
रिंगमध्ये चढायचा, पंच हात उचलायचा,
उतरायचा.
पदकाकडे असा बघायचा
जसे दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिलेत.

सरावाला मी. एकसष्ट किलो.
लोको शेडची पाळी संपली की
इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, पंखा बंद,
बाहेर शेहेचाळीस डिग्री,
पोत्यात तापीची वाळू.
मला तो हळूच मारायचा. तरी
माझे दोन दात त्या हॉलमध्येच आहेत कुठेतरी.

मग जमशेदपूर.
समोर फौजेतला हवालदार,
मान नव्हतीच त्याला, खांद्यावरच डोकं.
माइकवाल्याला नाव जमेना:
उकाडू, उखारदू, शेवटी नुसतंच सेंट्रल रेल्वे.
मी बादली धरून कोपऱ्यात.
तिसऱ्या फेरीत उखर्डूचा उजवा
कोळशाचं फावडं भट्टीत जातं तसा गेला,
खालून, कमरेतून,
आणि हवालदार बसला.
नुसता बसला, पंगतीत बसतात तसा.
पंच मोजत होता आणि हा वेडा
त्याला उठवायला निघाला.
मी ओरडलो, कोपऱ्यात जा भो, कोपऱ्यात!

घरी मायनं पदक उलटंसुलटं करून पाहिलं.
म्हणाली, "त्याले लागलं का रे फार?"

चार वर्षं कुणी हरवलं नाही.
पाचव्या वर्षी पतियाळ्याचा एक पोरगा आला,
डावरा, बावीस वर्षांचा.
त्या रात्रीचं मी सांगत नाही.
टॉवेल मी उशिरा टाकला. एवढंच.

आता केळी ट्रकनं जाते.
काटा तिथेच आहे, एका बाजूला गंजलेला.
परवा बँकेत हयातीचा दाखला देऊन येताना
तो आपणहून चढला त्याच्यावर.
अडुसष्ट.
"आता तुह्याच गटात आलो भो," म्हणाला.
मी हसलो. चष्मा पुसला.

चहा मीच बशीत ओतून देतो,
हात थांबत नाहीत त्याचे.
आणि कॅन्टीनमध्ये कुणाचा ग्लास पडला
की तो बोलता बोलता गप्प होतो,
ओठ हलतात,
सहा, सात,
आठाला वाकून ग्लास उचलतो.

माझ्या पायाशी पडला असला
तरी मी आधी वाकत नाही.