चौथा आठवडा

गुरुवारच्या बैठकीसाठी तक्ता भरायचा आहे.
डावीकडे बलस्थाने, उजवीकडे आव्हाने.
एका रकान्यात पाच ओळी मावतात, सहावी कापली जाते.

डावीकडे लिहिते : कुठूनही, केव्हाही.
लिहिताना हिबाक आठवते,
लुइस्टनच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला असते ती.
कपडे वाळवायच्या खोलीत
यंत्राच्या उबेला पाठ लावून
फोनवर संख्याशास्त्र वाचते.
केव्हाही म्हणजे पहाटेचे तीन.
कुठूनही म्हणजे चादरींच्या ढिगामागून.
आमच्या जाहिरातीतली बाई
खिडकीपाशी बसलेली असते,
तिच्या टेबलावर कधी काही सांडत नाही.

दुसरी ओळ : परवडणारे शुल्क.
हे रोलंड तिबोदोंना विचारावं.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली;
ती बंद पडली तेव्हा पदरात एक मनगटी घड्याळ
आणि डाव्या कानातली कायमची घरघर.
घरी इंटरनेट नाही.
वाचनालयाच्या आवारात गाडी लावून,
बाहेर उणे अठरा म्हणून इंजिन चालूच ठेवून,
ते निबंध पाठवतात.
त्या पेट्रोलचा हिशेब आमच्या शुल्कात धरलेला नाही.
"जन्मभर कागद केला, पोरी,
आणि शिकायची वेळ आली तर कागदच नाही."
ते हसतात.
मग थोडा वेळ दोघंही काही बोलत नाही.

उजवीकडे : गळती.
आमच्या कॉलेजला दार नाही,
म्हणून दार आपटून कुणी जात नाही.
चौथ्या आठवड्यात नावापुढचा हिरवा ठिपका
करडा होतो, एवढंच.
माझ्या यादीत दोनशे चाळीस नावं.
फोन लावते. अभ्यासाचं आधी काढत नाही,
मुलाचा ताप उतरला का, विचारते.
हे कुठल्या रकान्यात टाकू?

आणि ते परीक्षेचं प्रकरण.
कॅमेऱ्याने हिबाकवर संशय नोंदवला :
नजर तीनदा पडद्यावरून हटली,
एकदा उमेदवार अकरा मिनिटं गायब.
मी विचारलं.
बारा नंबरच्या खोलीवरचा लाल दिवा लागला होता,
मिसेस वेलेटना पाणी हवं होतं,
मग कूस बदलून हवी होती,
मग कुणीतरी जरा बसायला हवं होतं.
प्रश्न सातवा सुटलाच नाही, ती म्हणाली,
तक्रारीच्या सुरात नाही,
दूध संपलंय सांगावं तशी.
मी समितीला लिहिलं. उत्तर आलं : विचाराधीन.

बारा नंबरचा दिवा आधी उजवीकडे टाकला.
खोडला. डावीकडे टाकला.
ओळ लांबली, तक्त्याने अर्ध्यात तोडली :
"आमचे विद्यार्थी उठून जातात, कारण"

राहू दे तसंच.
आज चौथ्या आठवड्याचा सोमवार,
तिबोदोंचा ठिपका शुक्रवारपासून करडा आहे.
नंबर फिरवते.
सहा वेळा वाजतो, सात.
कुणीतरी उचलतं.
आधी इंजिनाचा आवाज येतो.